साइन लँग्वेजमध्ये फीचर्स नेमकी कुठं असतात?

शिरपूरकडच्या एका भाऊंनी विचारलंय, ते डी.एड. विशेष शिक्षण करतायत, कर्णबधिर गट. नोट्समध्ये लिहिलंय की साइन लँग्वेजलाही फोनॉलॉजी असते, म्हणजे अर्थ नसलेल्या छोट्या तुकड्यांतून शब्द घडवायचे नियम, आणि तिचे पाच पॅरामीटर, म्हणजे घटक, हँडशेप, लोकेशन, मूव्हमेंट, ओरिएंटेशन आणि चेहऱ्याचे हावभाव. त्यांचं म्हणणं, हे पाच म्हणजेच साइनचे क ख ग का, असतील तर मग फीचर म्हणजे काय वेगळं, एकूण फीचर्स किती, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून जी पोरं कुठलीच साइन न शिकता शाळेत येतात त्यांच्या हातवाऱ्यांना पण हे लागू होतं का. चारही प्रश्न चांगले आहेत, शेवटचा तर फारच. मी जळगावकडे कर्णबधिर मुलांना शिकवते आणि इंटरप्रिटिंगही करते, त्यामुळे पुस्तकातलं आणि वर्गातलं मिसळूनच सांगणार, लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी फीचर, आणि ते मराठीतूनच. वर्णमालेचा तक्ता आठवा. त थ द ध न, पाचही जीभ दातामागे लावून. त आणि द मध्ये फरक फक्त घशातल्या कंपनाचा, त आणि थ मध्ये श्वासाच्या झोताचा. आता ट ठ ड ढ बघा, तिथं जीभ वर वळते पण आतले फरक तेच दोन. म्हणजे 'द' हा अख्खा दगड नाहीये, जागा अमुक, कंपन आहे, झोत नाही, असा गठ्ठा आहे, आणि गठ्ठ्यातली एकेक गोष्ट म्हणजे फीचर. आपल्या पूर्वजांनी तक्ताच फीचरवर मांडलाय, आपण तो गाण्यासारखा पाठ केला म्हणून लक्षात येत नाही एवढंच.

आणि हे नुसतं कागदावरचं नाहीये. आपल्याकडे अहिराणी बोलणारा माणूस शाळाला शाया म्हणतो, डोळ्याला डोया, जळगावला जयगाव. एक शब्द बिघडत नाही, सगळेच ळ एका नियमाने य होतात. डोक्यात शब्द अख्खेच्या अख्खे साठवलेले असते तर असं झालं नसतं, एखादा बदलला असता एखादा नसता. हा मुद्दा धरून ठेवा, कारण साइनमध्ये पण पुरावा असाच शोधायचा असतो, नियमाने काय बदलतं ते बघायचं.

आता साइनकडे. 1960 साली विल्यम स्टोकी नावाच्या माणसाने, गॅलॉडेट या अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, अमेरिकन साइन लँग्वेजबद्दल (पुढं एएसएल म्हणते) पहिल्यांदा नीट मांडलं की साइन म्हणजे हवेतलं चित्र नव्हे, तिचे अर्थ नसलेले तुकडे पडतात. त्याने तीन धरले, हाताचा आकार, जागा, हालचाल. 1965 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर जी डिक्शनरी काढली त्यात 19 आकार, 12 जागा आणि 24 हालचाली, एकूण 55 चिन्हांत एएसएल लिहून दाखवली. तळव्याची दिशा, म्हणजे ओरिएंटेशन, रॉबिन बॅटिसनने सत्तरच्या दशकात जोडली. पुढं चेहराही आला आणि पाचाची यादी झाली, जी तुमच्या नोट्समध्ये आहे.

पुरावा काय, तर किमान जोड्या. मराठीत मूळ आणि मूल, फक्त ळ-ल चा फरक, अर्थ पार वेगळा. एएसएलमध्ये उन्हाळा, कुरूप आणि कोरडं या तीन साइन्सचा हात तोच, तर्जनी ताठ धरून ओढता ओढता आकडीसारखी वाकवायची, कपाळावरून ओढली तर उन्हाळा, नाकाशी ओढली तर कुरूप, हनुवटीवर ओढली तर कोरडं. सफरचंद आणि कांदा, वाकवलेली तर्जनी गालाशी फिरवली तर सफरचंद, डोळ्याजवळ फिरवली तर कांदा, आणि गालाशीच पण वाकवलेल्या बोटाऐवजी सरळ बोटाचं टोक टेकवून फिरवलं तर गोळी-चॉकलेट. तळव्याच्या दिशेसाठी एएसएलची मुलं आणि वस्तू ही जोडी देतात, तळवा खाली तर मुलं, वर तर वस्तू. आयएसएल म्हणजे आपल्या भारतीय साइनमध्ये सगळ्यांना माहीत असलेली जोडी चांगलं आणि वाईट, मूठ तीच, अंगठा वर केला तर चांगलं, करंगळी वर केली तर वाईट.

इथपर्यंत सगळे शिकवतात आणि इथंच थांबतात, म्हणून तुमचा पहिला प्रश्न पडतो. माझं सरळ मत सांगते, हँडशेप म्हणजे क आणि लोकेशन म्हणजे ख असं समजणं हाच घोळ आहे. क, ख एकामागून एक येतात. हँडशेप, जागा, हालचाल एकाच वेळी असतात, हाताला आकार नसताना हात कपाळावर कसा नेणार? त्यामुळे पॅरामीटर हे अक्षरांपेक्षा वर्णमालेच्या त्या तक्त्यातल्या आडव्या-उभ्या रांगांच्या जास्त जवळचे आहेत. तक्त्यातल्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या पोटात आणखी बारीक फीचर्स.

हँडशेप उघडून बघू, कारण सगळ्यात जास्त माल तिथंच आहे. आपण म्हणतो "व्ही चा हँडशेप", जणू तो एक तुकडा. पण आत काय चाललंय, पहिलं, कुठली बोटं निवडलीत, व्ही मध्ये तर्जनी आणि मधलं. त्यांना निवडलेली बोटं म्हणतात, बाकीची नुसती पडून असतात, एकतर मिटलेली नाहीतर मोकळी. दुसरं, निवडलेल्या बोटांचे सांधे कसे, बुडाशी वाकलेत की पुढच्या पेरांत वाकलेत की सरळ आहेत. तिसरं, बोटं फाकलेली की चिकटलेली. चौथं, अंगठा कुठं, बाजूला की बोटांसमोर. वरचं चांगलं-वाईट याच हिशेबात बसवा, सांधे सरळ, बाकी बोटं मिटलेली, दोन्हीकडे सारखं, फक्त निवडलेलं बोट बदललं.

आणि ही फीचर्स कुणी हौसेने पाडलेली नाहीत, भाषा स्वतः तसं वागते. 1981 मध्ये मार्क मँडेलने दाखवलं की एका साइनमध्ये सहसा निवडलेल्या बोटांचा एकच संच असतो. साइन चालू असताना हात उघडेल, मिटेल, वाकेल, पण ते त्याच बोटांचं. सुरुवात तर्जनीने आणि शेवट करंगळीने अशी साधी साइन जवळपास सापडत नाही, सापडली तर बहुतेक ती दोन साइन्स जोडून झालेली असते किंवा फिंगरस्पेलिंगमधून, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवण्यातून, आलेली असते. हात काय करू शकतो हा प्रश्न नाहीये हो, करून बघा, सहज जमतं. भाषा ते घेत नाही. शारीरिक शक्य आणि भाषेत चालणारं यात ही जी फट आहे ना, फोनॉलॉजी त्या फटीत राहते.

दोन हातांचं पण तसंच. बॅटिसनचे दोन नियम फार देखणे आहेत. दोन्ही हात हलत असतील तर दोघांचा आकार सारखा पाहिजे आणि हालचाल सारखी किंवा आलटून-पालटून. आकार वेगळे असतील तर मग एकच हात हलणार, दुसरा स्थिर, आणि त्या स्थिर हाताचे आकार पण मोजकेच, एएसएलमध्ये सात. सपाट पंजा, मूठ, एक बोट, फाकलेली पाच बोटं असे साधे साधे. कळण्याची भाकरी हातावर थापताना बघा, एक हात सपाट आधार देतो आणि खरं काम दुसरा करतो, त्याच वळणाचं. आयएसएलच्या साइन्स मी या नियमांनी मुलांबरोबर तपासते, बहुतेक सगळ्या बसतात. तुम्हीही आयएसएलआरटीसीची, म्हणजे सरकारच्या भारतीय साइन लँग्वेज संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची, डिक्शनरी उघडा, 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 शब्दांचे व्हिडिओ आहेत, कुठलाही विषय घ्या आणि दोन हातांच्या साइन्स नियमाला टाकून बघा. पाठांतरापेक्षा यात जास्त शिकाल.

याला लागून एक गोष्ट, जी नोट्समध्ये कधीच नसते. उजवा की डावा हात, हे फीचर नाहीये. डावखुरा सायनर आरशातल्यासारखी उलटी साइन करतो आणि अर्थ तोच राहतो, उजवा-डावा बदलला म्हणून शब्द बदलला असं होत नाही. फरक कामाचा आणि आधाराचा असतो, उजव्या-डाव्याचा नसतो. आता हे माहीत नसलं की काय होतं, एका शाळेत डावखुऱ्या पोरीला प्रत्येक साइन उजव्याने करायला लावत होते, "व्हिडिओत तसंच आहे" म्हणून. पोरगी अडखळायची आणि शेरा काय तर भाषा कच्ची. भाषा पक्की होती, शिकवणाऱ्याला फीचर माहीत नव्हतं.

लोकेशनबद्दल थोडक्यात. शरीराचे मोठे भाग, डोकं, धड, स्थिर हात, समोरची मोकळी जागा, आणि त्याच्या आत वर-खाली, जवळ-लांब अशी बारीक जागा. एका साधारण साइनला मोठा भाग एकच, त्याच्या आत ती सरकते. बारकावे चेहऱ्याजवळ जास्त, नाक-गाल-हनुवटी असा थोड्या-थोड्या अंतराचा फरक चालतो, पण पोटाशी तेवढ्याच अंतराने शब्द बदलत नाही. कारण सायनर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो, हाताकडे नाही, आणि नजरेच्या मध्यभागीच बारीक दिसतं. पॅट्रिशिया सिपलने 1978 मध्ये हे मांडलं. नवीन इंटरप्रिटर ओळखायचा असेल तर तो कुठं बघतोय ते बघा, हाताकडे बघत असेल तर अजून कच्चा.

मूव्हमेंटमध्ये दोन थर. एक म्हणजे अख्खा हात एका जागेवरून दुसरीकडे जातो, सरळ, कमानीत, गोल. दुसरा, हात तिथंच पण बोटं उघडतात-मिटतात, मनगट फिरतं. कधी एकच, कधी दोन्ही एकदम. आणि हालचाल नसलेली साइन बहुतेक भाषांत अर्धवट वाटते, सायनर काहीतरी छोटी हालचाल घालतातच, जसं आपल्याला स्वराशिवाय नुसतं क् म्हणता येत नाही. म्हणून बरेच अभ्यासक हालचालीला सिलॅबलचा, म्हणजे स्वराभोवती जमलेल्या उच्चाराच्या तुकड्याचा, गाभा मानतात.

पण कुठला सांधा वापरला हे सहसा शब्द बदलत नाही, आणि हे बघायला जळगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर जा. दोन डेफ मित्र या टोकाला-त्या टोकाला असतील तर तीच साइन खांद्यापासून करतात, हात मोठा फिरतो. बसमध्ये शेजारी बसून कुणाची चहाडी चालू असेल तर तीच साइन नुसत्या मनगटावर. ओरडणं आणि कुजबुजणं, शब्द तोच. लहान मुलं पण सांधा वर सरकवतात, मनगटाची हालचाल कोपरातून करतात, कोपराची खांद्यातून, रिचर्ड मायरच्या अभ्यासात हे नीट आलंय, आणि साइन नव्याने शिकणारे मोठे लोकही तेच करतात. बीएड-डीएडचे विद्यार्थी पहिल्या महिन्यात पंखा फिरवल्यासारखे का दिसतात त्याचं उत्तर हे.

चेहऱ्याचं मात्र मला पाचात एका ओळीत बसवणं पटत नाही. काही साइन्समध्ये चेहरा किंवा तोंड शब्दाचाच भाग असतो ते खरं, एएसएलमध्ये उशीर आणि अजून नाही या दोन साइन्सचा हात फार जवळचा, जीभ किंचित बाहेर आणि मान हलली की अजून नाही. पण बहुतेक वेळा भुवया, मान, डोळे हे पूर्ण वाक्यावर पसरतात. "तू जेवलास" आणि "तू जेवलास?" यात आपण आवाज चढवतो, तिथं भुवया चढतात. आयएसएलमध्ये मान हलवून नकार देता येतो, तो पण हातांवरून वाहत जातो. हे सूर-लहेजाचं काम आहे, क-ख चं नाही. परीक्षेत पाच लिहा, डोक्यात चार अधिक एक ठेवा.

आता एकाच वेळी सगळं असतं म्हणाले, तर मागे-पुढे काहीच नाही का? आहे. लिडल आणि जॉन्सन यांनी 1989 मध्ये दाखवलं की साइनला थांबा आणि हालचाल असे एकापाठोपाठ तुकडे पण असतात. एएसएलची डेफ ही साइन कानापासून हनुवटीकडे करतात, पण आधीची साइन हनुवटीशी संपली असेल तर उलटी, हनुवटीकडून कानाकडे. क्रम उलटतो याचा अर्थ क्रम होता. वेंडी सँडलरने त्याच सुमारास हँडशेपला वेगळा थर दिला, जो पूर्ण साइनवर ताणलेला राहतो, आणि डायन ब्रेंटारीने 1998 मध्ये स्थिर राहणारी फीचर्स एका फांदीवर आणि वेळेत बदलणारी दुसऱ्या फांदीवर अशी मांडणी केली. मला शिकवायला ब्रेंटारीची मांडणी सोपी जाते, कारण मुलाची चूक लगेच त्या फांदीवर बोट ठेवून दाखवता येते.

हे एकदम करण्याला फायदा पण आहे. क्लिमा आणि बेलुगी यांनी 1979 च्या सुमारास मोजलं, एक साइन करायला एका बोललेल्या शब्दाच्या साधारण दुप्पट वेळ लागतो, तरी तीच गोष्ट सांगायला दोन्हीकडे वेळ जवळपास सारखाच. हात जिभेपेक्षा जड, पण ओझं एका खेपेत जास्त. त्यांनीच हाताच्या घसरणी गोळा केल्या, म्हणजे आपली जीभ घसरते तसं, घाईत पहिल्या साइनचा आकार दुसरीत जातो, जागा मात्र जिथली तिथं. जी चुकीची साइन होते ती अस्तित्वात नसते पण भाषेचे नियम पाळते. चित्र असं तुटत नाही. तुकडे असतील तरच तुकड्यांची अदलाबदल होते.

"पण मॅडम, मिशीवर हात फिरवला की पुरुष, नाकाशी बोट लावलं की बाई, चित्रच की हे," असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. असू दे ना चित्र. मिशीवरून साइन निघाली, पण कुठली बोटं, कुठल्या बाजूला, किती वेळा, हे ठरून गेलंय, तुम्ही आपल्या मनाने मिशीला पीळ दिलात तर डेफ माणूस हसेल. नॅन्सी फ्रिशबर्गने 1975 मध्ये एएसएलच्या जुन्या आणि नव्या साइन्स शेजारी ठेवल्या, तर काळाबरोबर चित्र पुसट होत गेलेलं आणि दोन हातांची साइन जास्त सारखी होत गेलेली. वरच्या चांगलं-वाईटमध्ये तर आणखी गंमत आहे, आयएसएलमध्ये करंगळी वाईटपणाच्या बऱ्याच साइन्समध्ये येते, म्हणजे तिथं बोटाला स्वतःचाच थोडा अर्थ चिकटलाय. अशी उदाहरणं किमान जोडी म्हणून देताना जरा जपून, परीक्षक जाणकार असेल तर अडवेल.

आता धडगाव-अक्कलकुव्याची पोरं. घरात एकटंच डेफ मूल, आई पावरी बोलते किंवा भिली, आणि त्या दोघांत काहीतरी हातवारे ठरलेले. याला होम साइन म्हणतात. माझ्या बघण्यात त्यात अर्थ भरपूर असतो, क्रम पण बऱ्यापैकी असतो, पण फीचर्स बसलेली नसतात. तेच मूल पाणी सकाळी अंगठ्याने दाखवतं, दुपारी ओंजळीने, आणि दोन्ही वेळा आईला कळतं, मग आकार घट्ट करायची गरजच काय? समोर भरपूर माणसं आणि भरपूर शब्द झाले की शब्द एकमेकांपासून वेगळे ठेवायला फीचर लागतं.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात अल-सय्यद नावाचं बेदुइन गाव आहे, तिथं बहिरेपण वंशात आलं आणि गावाची स्वतःची साइन लँग्वेज तयार झाली. सँडलर, मीर, पॅडन, अरोनॉफ यांनी तिच्यावर बरीच वर्षं काम केलं आणि 2011 मध्ये मांडलं की भाषा पूर्ण चालते, व्याकरण आहे, पण एकाच शब्दाचा हँडशेप माणसागणिक इतका बदलतो की पक्की फोनॉलॉजी अजून बसलेली दिसत नाही. काही घरांत मात्र ती उगवताना दिसली, अंडं ही साइन कोंबडी आणि छोटी गोल वस्तू अशा दोन साइन्सची, आणि एका कुटुंबात एकीचा हँडशेप दुसरीवर पसरून एकसंध शब्द होत होता. म्हणजे आधी माणसं, मग शब्द, आणि फीचर्सची घडी हळूहळू बसत जाते.

म्हणून अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात "चूक, बोट असं नाही तसं" करत बसू नका. आधी त्याला चार डेफ पोरांत सोडा. नंतर चुका बघा आणि साइनवार लिहू नका, फीचरवार लिहा. मुलांना जागा लवकर जमते, हालचाल त्याच्या मागे, अवघड हँडशेप सगळ्यात शेवटी, मूठ, सपाट पंजा, एक बोट, पाच बोटं हे आधी येतात. जे मूल मधलं बोट एकटं उचलू शकत नाही ते तशा सगळ्याच साइन्समध्ये तर्जनी घालणार, अगदी शायासारखं, नियमाने. वहीत ती वीस चुका दिसतात, फीचरने बघितलं तर एकच, आणि तिला वेळ दिला की आपोआप जाते. जागा चुकत असेल आणि मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर मात्र मी थांबून बघते, त्याची नजर तपासून घेते.

राहिला एकूण किती हा प्रश्न. ठरलेला आकडा नाही, मॉडेलगणिक बदलतो, स्टोकीचे 55 ही त्याची चिन्हं होती, फीचर्स नव्हेत. आकडा पाठ करण्यापेक्षा हॅमनोसिस बघा, हॅम्बुर्ग विद्यापीठात 1980 च्या दशकात केलेली लिपी, जवळपास 200 चिन्हांची, आकार, दिशा, जागा, हालचाल याच क्रमाने साइन लिहिते. आयएसएलच्या दहा ओळखीच्या साइन्स तिच्यात लिहून काढल्यात की काय फीचर आहे आणि काय नुसती सवय हे हाताला कळायला लागतं. आणि पेपरात पाच मार्कांना आलं तर स्टोकी 1960, बॅटिसनची दिशा आणि दोन नियम, एक किमान जोडी नीट वर्णन करून, आणि हँडशेपची आतली चार फीचर्स एवढं लिहा. चेहऱ्याबद्दल माझं मत तिथं लिहू नका, नोट्समध्ये आहे तेच लिहा.